एक की नऊ

नीरजा गद्रे मतदान केंद्रातून बाहेर आली तेव्हा तिनं आधी आकाशाकडे पाहिलं, मग चपलेकडे पाहिलं, आणि मग दीक्षाकडे. एवढ्यावरूनच दीक्षाच्या मनात पाल चुकचुकली.

"झालं बाई," नीरजा म्हणाली. "केवढं ते ऊन! फेब्रुवारी आहे का वैशाख?"

"गर्दी होती?"

"कसली गर्दी? तिघं होती. त्यातला एक पंख्याखाली बसायला आलेला."

आणि छत्री उघडून ती सदाशिव पेठेच्या दिशेनं चालू लागली. पंधरा वर्षं एका टेबलावर डबा खाणारी बाई. भाजी कमी पडली तर स्वतःची न विचारता पुढं सरकवणारी. तिनं "तुलाच दिलं गं" एवढं म्हटलं नाही. दीक्षा शंभर मीटरच्या चुन्याच्या रेषेबाहेर उभी राहून तिच्या छत्रीकडे पाहत राहिली.

दीक्षा रणपिसे त्या वर्षी विद्यापीठाच्या सिनेटला उभी होती. पदवीधर मतदारसंघातून, आणि तेही खुल्या जागेवर. जागा पाच, उमेदवार सतरा. "राखीव जागा होती की तुमच्यासाठी, मग इकडे कशाला गर्दी?" असं तिला तीन जणांनी हसत हसत विचारलं होतं आणि एकानं न हसता. तिचं म्हणणं साधं होतं. नोकरी करत बाहेरून परीक्षा देणाऱ्या मुलांना ग्रंथालयाचं कार्ड मिळत नाही, ते मिळालं पाहिजे. ती स्वतः बाहेरून बी. ए. झाली होती, टेलिफोन खात्यात रात्रपाळी करता करता, दुसऱ्यांच्या कार्डावर पुस्तकं आणून. नंतर ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम केला आणि पेठेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागली. तिथं नीरजा आधीपासून होती.

नीरजाचं अक्षर म्हणजे ग्रंथालयाचा चेहरा. चाळीस हजार पुस्तकांच्या पाठीवर पांढऱ्या चिठ्ठीत तिच्या हातचे आकडे. प्रत्येक आकड्याची शेपटी ती शेवटी जराशी वर वळवायची, अंगणातल्या रांगोळीचं टोक सोडावं तशी. आता कॉम्प्युटर आला होता, काळ्या रेघांच्या छापील पट्ट्या येऊ घातल्या होत्या. "माझ्या शेपट्या कापणार आता," नीरजा म्हणायची.

मतदानाच्या त्या रविवारच्या आधीचे दोन महिने दीक्षा फिरत होती. हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या सकाळी जिथं थांबत, तिथं ती पत्रकं घेऊन उभी राहायची. गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकवलेली पोरं-पोरी बसची वाट पाहत. त्यातली नम्रता नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, अमरावतीकडची, पण पुण्यात शिकलेली. तिनं पत्रक उलटंपालटं करून विचारलं, "मॅडम, सिनेट म्हणजे ते अमेरिकेतलं ना? आमचा क्लायंट तिकडचा आहे. त्यांचा सिनेटर म्हणे सहा वर्षं असतो."

"आमचा पाच. पाच वर्षांनी पुन्हा दारात."

"आणि व्होट कसं करायचं? शिक्का?"

"शिक्का नाही, बरोबरची खूण नाही. आकडा घालायचा. सगळ्यांत हवा त्याच्यापुढे एक, त्याच्या खालोखाल आवडतो त्याच्यापुढे दोन, मग तीन. एक घातलाच नाही तर मत बाद."

"म्हणजे रँकिंग! आणि माझा एक नंबरवाला हरला तर?"

"सगळ्यांत कमी मतं असलेला बाहेर पडतो, आणि त्याचे कागद दोन नंबरवाल्याच्या खणात जातात. मत फुकट जात नाही."

"पण एक नंबरवाला टिकून राहिला तर?"

"तर दोन नंबर कुणी उघडूनही बघत नाही."

"बिचारा दोन नंबर," नम्रता म्हणाली आणि बसमध्ये चढली.

दीक्षाच्या आईच्या जात्यावर हाच हिशेब निराळ्या सुरात चालायचा. *पहिली माझी ओवी गं, जिनं दिली लेखणी; दुसरी माझी ओवी गं, लेक माझी देखणी.* गळा कितीही गोड लावला तरी दुसरी ती दुसरीच. पहिली ज्याची त्यालाच जाते. लहानपणी दीक्षा रुसायची, मी का गं दुसरी? आई दळत राहायची.

तर मतदानाच्या आधीच संशयाला कोंब फुटला होता, तो असा. रामदास लिमये नावाचे निवृत्त प्राध्यापक याच पाच जागांसाठी उभे होते. सत्तरी ओलांडलेले, सज्जन, निम्म्या पेठेला शिकवलेले. दीक्षानं एका संध्याकाळी त्यांची जुनी हिरवी स्कूटर नीरजाच्या इमारतीखाली पाहिली. दुसऱ्या दिवशी डबा खाताना ती सहज म्हणावं तसं म्हणाली, "काल कुणी आलं होतं का गं तुझ्याकडे?"

"पेपरवाला आला होता. गेल्या महिन्याचं बिल मागत होता."

मग दीक्षानं आपलं पत्रक नीरजाच्या टेबलावर ठेवलं, शाईच्या दौतीला टेकवून. संध्याकाळी पाहिलं तर ते खणात गेलं होतं. वाचून ठेवलं की न वाचता? खण उघडून पाहावंसं वाटलं, तेवढ्यात नीरजा आली.

"काय शोधतेस?"

"डिंक."

"डिंक तुझ्याच टेबलावर आहे."

दीक्षाचा धाकटा भाऊ संभाजी पिंपरीला कारखान्यात होता. रात्रीच्या कॉलेजातून पदवी घेतलेला, बहिणीसाठी सुटी टाकून फिरणारा. तो म्हणाला, "ताई, सरळ विचार ना त्यांना. पहिली पसंती देणार का म्हणून."

"असं विचारायचं असतं का घरच्या माणसाला?"

"मग घरच्या माणसावर पहारा तरी ठेवू नकोस."

"मी कुठं ठेवते?"

"त्यांच्या जिन्याखालच्या स्कूटरी मोजतेस, अजून काय राहिलं?"

ती गप्प बसली. पण मनाला कोण गप्प करणार! नीरजा जरा जास्त हसली की वाटायचं, लपवतेय. कमी हसली की वाटायचं, मनाला खातंय. एकदा तर दीक्षानं शेवटी तोंड उघडलंच. "रविवारी जाणार ना गं मतदानाला?" नीरजा चिठ्ठीवर आकडा काढत होती. मान वर न करता म्हणाली, "जाणार. आणि मतदान गुप्त असतं." पेठेतल्या माणसाचा विनोद आणि पेठेतल्या माणसाचा दरवाजा बाहेरून सारखाच दिसतो. दीक्षा हसली. हसता हसता तिच्या मनानं एक जुनं, कडू वाक्य म्हटलं: शेवटी आपापल्या माणसाकडेच जातात सगळे. त्या वाक्याची तिला स्वतःची लाज वाटली. पण ते परत गेलं नाही. उंबऱ्यात बसून राहिलं.

मतमोजणी मंगळवारी सकाळी सुरू झाली. लांबलचक दालन, मधे जाळी, जाळीच्या आत टेबलं, टेबलांवर सतरा खणांचं लाकडी कपाट. बाहेर उमेदवार आणि त्यांची माणसं. कर्मचारी एकेक कागद उघडत, एक कुणापुढे आहे ते पाहत, आणि त्या खणात टाकत. शंका आली की कागद मोजणी अधिकाऱ्याकडे जाई. अधिकारी उंच, सावकाश बोलणारे. कुणी बरोबरची खूण केली होती, कुणी दोघांपुढे एक घातला होता, एकानं तर सगळ्यांपुढे शून्य काढून खाली "नमस्कार" लिहिलं होतं. ते सगळे बाद.

अकराच्या सुमाराला अधिकाऱ्यांनी एक कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. मग तो जाळीशी आणून सगळ्यांना दिसेल असा धरला. "हा बघा. दोनच आकडे आहेत. लिमये सरांपुढचा हा एक आहे की नऊ?"

दीक्षा जाळीपासून हातभर अंतरावर होती. तिला वाचावं लागलंच नाही. वर छोटा गोल, खाली उतरती रेघ, आणि शेवटी वर वळलेली शेपटी. हा आकडा तिनं पंधरा वर्षांत चाळीस हजार पाठींवर पाहिला होता. आणि त्याच कागदावर, रकाना सोडून खाली, तिच्या स्वतःच्या नावापुढे तोच हात, तीच शेपटी: दोन.

तर हे असं. इतके दिवस शंका होती, तेव्हा निदान तिला कूस बदलता येत होती.

"नऊ आहे साहेब!" राकेश नावाचा तरुण म्हणाला. तो दिग्विजय शितोळ्यांचा माणूस. शितोळ्यांच्या घरच्याच चार शिक्षणसंस्था होत्या आणि त्यांना ही पाचवी जागा हवी होती. "स्वच्छ नऊ आहे. पहिली पसंतीच नाही. बाद करा."

"लिमये सरांचं कुणी आहे का?"

सरांचा माणूस चहाला गेला होता. सर घरी होते, त्यांना इतका वेळ उभं राहवत नसे.

"बाकी कुणाला काही म्हणायचंय?"

जाळीशी चार-पाच माणसं होती. कुणाला काय पडलं होतं! दीक्षा नुसती गप्प बसली असती तरी भागलं असतं. कागद बाद मतांच्या खोक्यात गेला असता, नीरजाचा एक आणि नीरजाचा दोन, दोन्ही एकदम. संभाजीनं मागून हळूच तिच्या कोपराला हात लावला. नको, असा त्या हाताचा अर्थ होता.

"तो एक आहे," दीक्षा म्हणाली.

राकेश वळला. "मॅडम, तुमचा काय संबंध? तुम्हाला तर दोन आहे!"

"म्हणूनच म्हणते. त्या दोनाकडे बघा साहेब. त्याचीही शेपटी तशीच वर वळलीय. ती लिहिणाऱ्याच्या हाताची सवय आहे. आकडा एकच आहे."

अधिकाऱ्यांनी चष्मा खाली ओढला. एकाकडे पाहिलं, दोनाकडे पाहिलं, मग जरा वेळ दीक्षाकडे पाहिलं. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कागद लिमये सरांच्या खणात टाकला.

"हात ओळखीचा दिसतोय मॅडमना," राकेश पुटपुटला. दीक्षानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गुप्त असतं मतदान.

त्यानंतरचा दीड दिवस आकड्यांचा. वैध मतं सहा हजार पाचशे चौऱ्याण्णव. जागा पाच, म्हणून सहानं भागायचं आणि एक मिळवायचा: अकराशे. अकराशेला पोचेल तो निवडून आला. पहिल्या फेरीत दोघं पोचले. मग तळातला एकेक बाहेर पडू लागला, त्याचे कागद पुन्हा उघडले जाऊ लागले, दुसरी पसंती, तिसरी पसंती. दीक्षा पहिल्या मोजणीत सहाशे अकरावर होती, सातवी. पण ज्याचा खण मोडेल त्याच्यातून तिला थोडं थोडं मिळत गेलं. हिंजवडीच्या पोरांनी तिला भरभरून दिलं होतं, पहिलं नाही तर दुसरं तरी. आणखी दोघं अकराशेला पोचले. बुधवारी दुपारी शितोळ्यांचा खण मोडला, राकेश फोन कानाला लावून बाहेर गेला, आणि शेवटच्या जागेला दोघंच उरली: रामदास लिमये आणि दीक्षा रणपिसे.

लिमये एक हजार एकतीस. रणपिसे एक हजार चोवीस.

सरांचा खण मोडलाच नाही. त्यातले दोन, तीन, चार कुणी पाहिले नाहीत.

"सात," संभाजी म्हणाला. दालनाबाहेरच्या पायरीवर तो तिच्या शेजारी बसला होता. "तू कालचा तो एक वाचवला नसतास तर सहा."

"सहानंही हरलेच असते."

"ते खरंय. पण कुणाचा होता तो, ताई?"

"मला काय माहीत?"

संभाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. तो शहाणा होता.

गुरुवारी सकाळी दीक्षा नेहमीच्या वेळी ग्रंथालयात गेली. नीरजा टेबलाशी होती, समोर नव्या पुस्तकांची चळत.

"ऐकलं मी," नीरजा म्हणाली. "सात."

"हो."

"चहा घेतेस?"

दीक्षानं पर्स खुंटीला लावली. मनात म्हणत होती, बोलायचं नाही, बोलायचं नाही. आणि बोलली. "तुझा एक नऊ ठरता ठरता वाचला."

नीरजाचा हात चिठ्ठीवर थांबला. शाईचा ठिपका पसरत गेला. "कुणी वाचवला?"

"मी."

"मूर्ख आहेस तू," नीरजा हळू म्हणाली. वाचनकक्षातला पंखा कुरकुरत होता. "सर आले होते माझ्याकडे. संक्रांतीला. हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, नीरजाबाई, पहिली पसंती मागायला आलोय. मागितली, मी दिली."

"मी डिसेंबरातच तुला सांगितलं होतं, उभी राहतेय म्हणून."

"सांगितलंस. मागितलं नाहीस." नीरजाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आमच्याकडे सख्ख्या भावाच्या लग्नाला अक्षत हातात पडल्याशिवाय जात नाही कुणी. घरच्यांनाच आधी द्यायची असते. मी वाट बघत होते, आज म्हणेल, उद्या म्हणेल. तू काय केलंस? पत्रक ठेवलंस दौतीला टेकवून, वाचकांना ठेवतात तसं. फॉर्मवर सूचक म्हणून सही कुणाची घेतलीस? मी पंधरा वर्षं इथं तुझ्यासमोर बसते, मला विचारलंसुद्धा नाहीस. नंतर मलाच राग आला. म्हटलं, जाऊ दे, सरांनी मागितलंय, सरांना देऊ. तुझं दुसरं राहील."

दीक्षा स्टुलावर बसली. तिला रागावायचं होतं, पण तोंडातून निराळंच निघालं.

"माझे आजोबा गावात येसकर होते. संध्याकाळी घुंगरांची काठी वाजवत दारोदार भाकरी मागत फिरायचे. गावाचा नेमच होता तो. माझे वडील लहानपणी त्यांच्या मागं टोपली धरून जायचे. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी ती काठी चुलीत घातली. म्हणाले, या घरात आता कुणी मागणार नाही. चार वर्षांनी मी झाले, म्हणून हे नाव." तिनं स्टूल पुढं ओढलं. "मी त्या बसमधल्या पोरांनासुद्धा मत द्या म्हटलं नाही. निवडा म्हटलं. परक्याला जे म्हणू शकत नाही ते तुला कसं म्हणू? तुला मागायचं म्हणजे तुला परकं करायचं."

नीरजानं पेन खाली ठेवलं. "हे पंधरा वर्षांत कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

दोघींनाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. नीरजा उठून थर्मासमधला चहा ओतायला लागली, पाठमोरी. आणि तिच्या पाठीकडे पाहता पाहता दीक्षाला आठवलं. संक्रांतीला नीरजा पुण्यात नव्हती. मिरजेला होती, बहिणीकडे. चार दिवसांची रजा दीक्षानंच रजेच्या वहीत लिहिली होती.

"संक्रांतीला तू मिरजेला होतीस ना?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला.

नीरजा वळली. कप बशीवर किंचित वाजला. "परत आल्यावर आले सर. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो की."

चालतो. अख्ख्या पेठेत चालतो. उत्तर अगदी बरोबर होतं, आणि जरा लवकरच आलं होतं. की नव्हतं? दीक्षानं चहाचा घोट घेतला. साखर नेहमीएवढी होती. या बाईनं आपल्याला दुसरं मत दिलं ते रुसून, की रीत म्हणून, की ते उंबऱ्यातलं कडू वाक्य खरं आहे म्हणून, हे कुठल्या खणात टाकायचं? आणि असं जाळीशी आणून धरावं, तर समोर अधिकारी कोण?

"पुढची निवडणूक कधी?" नीरजानं विचारलं.

"पाच वर्षांनी. सिनेटची मुदत संपली की."

"तोवर मी निवृत्त. पण पदवीधर काही निवृत्त होत नाही." ती समोर बसली. "तुझ्या फॉर्मवर सूचक म्हणून माझी सही घे. मत गुप्त असतं, सूचकाची सही उघड असते. सगळ्या पेठेनं वाचावी. लिमये सरांनीसुद्धा."

"पाच वर्षं लक्षात राहील?"

"लिहून देऊ?" नीरजा तिच्या नेहमीच्या कोरड्या स्वरात म्हणाली. थट्टेत म्हणाली असावी.

नको, असं दीक्षाच्या ओठांवर आलं. असल्या वेळी नकोच म्हणायचं असतं. वाचनकक्षाचं दार वाजलं, कुणी विद्यार्थी आत आला, खुर्ची सरकवून बसला.

"दे," दीक्षा म्हणाली.

नीरजानं तिच्याकडे पाहिलं. मग चळतीतली एक कोरी चिठ्ठी उचलली, दौत जवळ ओढली, आणि लिहायला लागली. दीक्षाचा तळवा टेबलावर पुढं आलेला होता, उताणा. तो आपलाच आहे हे लक्षात यायला तिला एक क्षण लागला. तिनं तो मागं घेतला नाही.